‘आमी उठलो’चं कागदावर काय झालं: बुडितातल्या एका जबाबाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी एक गाव आहे. धरणाच्या मूळ बुडीत रेषेत ते नव्हतं. जलाशयाची पातळी वाढवल्यावर एका पावसाळ्यात फुगवट्याचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं, मग वाढीव भूसंपादनाची अधिसूचना निघाली आणि सगळं गाव पुनर्वसनात गेलं.

अर्जदार साठीच्या पुढची विधवा शेतमजूर. शेत नाही. आबादीत, म्हणजे गावठाणात, मातीच्या दोन खोल्या, पुढं छपरी, मागं सांदवाडी. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, अजून नवऱ्याच्याच नावावर. मुलगा तिशीतला; धानाची रोवणी आणि कापणी गावात करतो, बाकीचे महिने नागपुरात बांधकामावर जातो. सर्वेक्षणात मंडळ अधिकाऱ्यांनी बाईंचा जबाब घेतला. यादीचा मसुदा लागला तेव्हा ‘विस्थापित कुटुंब’ या रकान्यात त्यांचं नाव नव्हतं. शेरा होता: ‘अधिसूचनेपूर्वी गाव सोडले. सलग वास्तव्य नाही.’ प्रत्यक्षात पाणी आलं त्या पावसाळ्यात त्या बहिणीकडे आसऱ्याला होत्या आणि दिवाळीला परत आल्या, एवढंच.

गाव आणि कुटुंब अभ्यासासाठी मांडलेलं आहे. बोलीची रीत, कचेरीची भाषा आणि कायद्याची कलमं मात्र खरी आहेत. अशा प्रकरणात पुरावा कमी पडला असं सगळे म्हणतात. आमच्या मते पुरावा नंतर कमी पडतो, आधी क्रियापद चुकतं. म्हणून इथं जबाबाचं एकेक वाक्य उलगडून पाहिलं आहे.

विचारलं काय, सांगितलं काय, लिहिलं काय

प्रश्न असा होता: “आजी, गाव कधी सोडलं तुम्ही?”

उत्तर: “पोरगा नागपूरले जाऊन रायला होता जी. पानी आंगनात आला तवा आमी उठलो. बहिनीकडे रायलो. दिवारीले पानी उतरला तं आलो. मंग नोटीस आली अन् गाव उठला.”

कागदावर उतरलं ते असं: ‘मुलगा नागपूर येथे जाऊन राहिला. पाणी अंगणात आल्याने आम्ही गाव सोडून बहिणीच्या गावी राहण्यास गेलो. त्यानंतर गावाचे स्थलांतर झाले.’

पाच वाक्यांची तीन झाली. गळालं काय, तर दिवाळीला परत येणं आणि नोटीस. म्हणजे ‘परत आलो’ आणि ‘सरकारनं उठवलं’ या दोन्ही गोष्टी. ज्यांच्यावर हक्क उभा राहतो, नेमक्या त्याच. लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं असं मानायचं कारण नाही. दिवसाला वीस-पंचवीस जबाब उतरवायचे असले की हात सवयीच्या वाक्यांकडे जातो. पण परिणाम तोच.

‘सोडून’ हा शब्द बाईंच्या तोंडचा नाही, तो प्रश्नातला आहे. ‘कधी सोडलं?’ असं विचारलं की सोडणं झालं हे गृहीत धरलं जातं आणि उत्तर फक्त तारखेचं उरतं. प्रश्न ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं? निघायला कोणी सांगितलं? परत कधी आलात? या घरात शेवटची चूल कधी पेटली?’ असा असता, तर उत्तरातलं क्रियापद बाईंचं राहिलं असतं. शेवटच्या चुलीचा प्रश्न ग्रामीण भागात फार उपयोगी पडतो. ‘वास्तव्य’ म्हटलं की माणसं गोंधळतात. चूल कधी बंद झाली ते मात्र कोणीही बाई महिना आणि सण धरून सांगते.

आता ‘जाऊन रायला’. पश्चिमेकडून बदलून आलेला माणूस इथं हमखास चुकतो. नागपुरी-वऱ्हाडीत आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत ‘करून रायलो’, ‘येऊन रायला’, ‘जाऊन रायली’ ही चालू क्रिया दाखवणारी रूपं आहेत. ‘मी जेवून रायलो’ म्हणजे ‘मी जेवतो आहे’. जेवण झाल्यावर मुक्काम केला असा त्याचा अर्थ नाही. तसंच ‘पोरगा नागपूरले जाऊन रायला होता’ म्हणजे ‘मुलगा त्या वेळी नागपूरला जात होता’. प्रमाण मराठीत अक्षरशः उतरवलं की त्याचं ‘जाऊन राहिला’ होतं आणि मुलानं नागपुरात घर केलं असा अर्थ निघतो. बोलीत जे काळाचं रूप आहे, ते कागदावर राहण्याचा पत्ता होऊन बसतं. ही एक चूक तपासायला अर्धं मिनिट लागतं: बोलणाऱ्याला ‘रोज जात होता, हंगामाला जात होता, की तिथंच बिऱ्हाड केलं होतं?’ एवढं विचारायचं.

‘बहिनीकडे रायलो’मधलं राहणं मात्र खरं राहणं आहे, पण मुक्कामाचं. मराठीत ‘राहणे’ दोन्हीला चालतं. चार दिवस मामाकडे राहतो आणि जन्मभर गावात राहतो. बोलताना फरक संदर्भातून कळतो. ‘राहण्यास गेलो’ म्हटलं की तो फरक मिटतो, कारण या रूपात बिऱ्हाड हलवल्याचा अर्थ आहे. तिथं ‘आसरा घेतला’ किंवा ‘तात्पुरता मुक्काम केला’ असं हवं होतं.

आणि ‘आमी’. झाडीपट्टीतली म्हातारी बाई एकट्या स्वतःबद्दलही ‘आमी’ म्हणते. कागदावरच्या ‘आम्ही’त मुलगा आला, मग त्याचं नागपूर आईलाही चिकटलं. पुढं दिसेल की 2013 च्या भूसंपादन कायद्यात या दोघांची कुटुंबंच वेगळी धरलेली आहेत.

बाईंच्या तोंडी ‘गाव उठला’, ‘पानी आला’ असं आहे, कारण झाडीबोलीत नपुंसकलिंग जवळपास नाहीच. ही चूक समजून खोडायची नसते. जबाबात बोलीतलं वाक्य जसंच्या तसं अवतरणात ठेवावं आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ लिहावा.

‘उठणे’ नेमकं काय सांगतं

मूळ अर्थ बसलेल्या किंवा निजलेल्या स्थितीतून उभं होणं. त्यातूनच, एका जागी मांडलेली गोष्ट तिथून मोडणं हा अर्थ निघाला: पंगत उठते, बाजार उठतो, फौजेचा तळ उठतो, मेंढपाळांची पालं उठतात, भाडेकरूचं बिऱ्हाड उठतं. या सगळ्यांत जे उठतं ते मांडलेलं असतं, आणि ते उठल्यावर जागा मोकळी पडते. म्हणून एखादं घर शहरात गेलं तर ‘गाव उठलं’ कोणी म्हणत नाही. देऊळ, हातपंप, शाळा, मसणवट, सगळ्यांचा संबंध तुटला की गाव उठलं.

उलट क्रियापद ‘बसणे’ आणि ‘वसणे’. नवीन जागी गाव बसतं, कोणीतरी ते बसवतं. ‘पुनर्वसन’ हे ‘वसणे’च्याच वस् धातूतून आलं, आणि आपल्याकडे तर ते जागेचंच नाव झालं आहे: ‘आमी पुनर्वसनात रायतो.’ गाव उठल्यावर मागं उरतं ते महसुली दप्तरात ‘रिठ’. विदर्भात मौजाच्या नावापुढं हा शेरा जागोजागी दिसतो. वस्ती नाही, पण शिवार आहे, सातबारे आहेत. जुन्या कागदांत ‘बेचिराग’ असंही आढळतं, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं गाव. ‘बेचिराख’ हा शब्द त्यातूनच आलेला आहे.

व्याकरणात ‘उठणे’ अकर्मक आहे. ‘आम्ही उठलो’, ‘गाव उठले’ या वाक्यांत उठवणारा नाही. गावातल्या ऐकणाऱ्याला तो सांगावा लागत नाही, धरण समोर दिसतं. कागदाला धरण दिसत नाही. ‘उठलो’ला पुढं ‘गेलो’ जोडलं, म्हणजे ‘उठून गेलो’, तर अर्थ आणखी सरकतो: सभेतून उठून जाणाऱ्या माणसाची मर्जी त्यात येते. बाईंनी ‘उठून गेलो’ म्हटलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

‘उठवणे’ हे प्रयोजक रूप. इथं दुसरा कोणी करतो. ‘धरणाने गाव उठवले’ हा कर्मणी प्रयोग, ‘धरणाने गावाला उठवले’ हा भावे. दोन्हीत करणारा ‘-ने’ घेऊन उभा आहे. कचेरीचं आवडतं रूप ‘उठवण्यात आले’. त्यात करणारा पुन्हा झाकला जातो, पण निदान कोणीतरी केलं हे उरतं. अडचण एवढीच की ‘उठवणे’ला कामं फार आहेत: झोपेतून उठवतात, बंदी उठवतात, अफवा उठवतात, आवाज उठवतात, ठसा उठवतात. म्हणून लेखी वापरताना ‘कुठून’ हे जोडावंच: ‘राहत्या घरातून व गावातून उठवण्यात आले’.

‘सोडणे’ सकर्मक आहे आणि त्याचा कर्ता जाणारा स्वतः. ‘आम्ही गाव सोडले’ हे वाक्य करणारा म्हणून ‘आम्हाला’च उभं करतं. जबरदस्ती झाली असेल तर मराठीत तिची सोय आहे: ‘आम्हाला गाव सोडावे लागले’. कर्त्याला ‘-ला’ लागला, क्रियापद ‘-आवे लागणे’त गेलं आणि मर्जी वाक्यातून बाहेर पडली. एकदा लिहिलेला जबाब जागेवर दुरुस्त करायची वेळ आली आणि बाकी काही बदलू देत नसतील, तर निदान एवढा बदल मागावा.

‘विस्थापित’ हा शब्द मुळात विशेषण आहे, आणि त्यात प्रयोजकाचा अर्थ आधीच बसलेला आहे: स्था म्हणजे उभं राहणं, त्याचं प्रयोजक स्थापणं, त्यातून स्थापित, आणि वि लागून विस्थापित, म्हणजे जागेवरून दूर केलेला. कोणी केलं हे शब्दात नाही, पण केलं हे आहे. ‘स्थलांतरित’मध्ये तेही नाही, जागा बदलली, इतकंच. शाळेच्या विज्ञानात ‘विस्थापन’ हे सुरुवातीच्या आणि शेवटच्या बिंदूंमधलं सरळ अंतर असतं, निघाला त्याच बिंदूवर परतला की शून्य. कायद्यातलं विस्थापन अंतरानं मोजत नाहीत. गाव दोन किलोमीटरवर हललं तरी ते पूर्ण विस्थापनच.

‘स्थलांतर’ या शब्दाचा धोका मोठा आहे, कारण सरकारी कागदांत तो हंगामी मजुरीलाही वापरतात. ‘स्थलांतरित मजूर’ म्हणून मुलाची कुठं नोंद झाली असली तर पुनर्वसनाच्या फाइलीत तीच ओळ ‘गावात राहत नाही’ म्हणून समोर ठेवली जाते. मजुरीला जाणं असेल तिथं ‘हंगामी मजुरीसाठी जातो व परत येतो’ असं पूर्ण लिहावं. आणखी एक शब्द कुठल्याही परिस्थितीत स्वीकारू नये: ‘निष्कासित’. तो अतिक्रमण काढण्याच्या कामात रुळलेला आहे. आबादीतल्या हक्काच्या घराबद्दल तो एकदा आला की घरमालक अतिक्रमणदार दिसायला लागतो.

क्रियापदावर किती रुपये अवलंबून आहेत

2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात ‘बाधित कुटुंब’ आणि ‘विस्थापित कुटुंब’ या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. बाधित कुटुंबात जमीनमालक येतात, तसेच संपादनाआधी 3 वर्षं त्या भागात काम करणारे आणि उपजीविका बुडालेले शेतमजूर, कुळं, कारागीरही येतात. विस्थापित कुटुंब म्हणजे जमीन संपादनामुळे ज्याला बाधित क्षेत्रातून पुनर्वसाहतीच्या जागी जावं लागतं ते. व्याख्येतच ‘-मुळे’ आहे आणि ‘लागतं’ आहे. शेऱ्यातल्या ‘गाव सोडले’नं हे दोन्ही धागे कापले, आणि ‘अधिसूचनेपूर्वी’नं 3 वर्षांचा निकषही मोडला.

दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा 3,000 रुपये निर्वाहभत्ता आणि सामान हलवायला 50,000 रुपये मिळतात. 36,000 अधिक 50,000, म्हणजे 86,000 रुपये निव्वळ ‘विस्थापित’ या शब्दावर. ग्रामीण भागात घर गेलं तर बांधलेलं घर. घराची जागा स्वतःची नसलेल्यांनाही ते मिळतं, पण अधिसूचनेआधी सलग 3 वर्षं राहत असल्याचं दाखवावं लागतं. बाधित कुटुंब म्हणून 50,000 रुपयांचा एकरकमी पुनर्वसाहत भत्ता, आणि नोकरी किंवा 5 लाख रुपये किंवा 20 वर्षं दरमहा 2,000 रुपये यांतला पर्याय वेगळा. गोठ्यासाठी किमान 25,000 रुपये आहेत. या बाईंकडे जनावर नसल्यानं तो प्रश्न आला नाही.

कुटुंबाची व्याख्या त्यांच्या बाजूची आहे. विधवा, घटस्फोटिता आणि टाकलेली बाई यांचं स्वतंत्र कुटुंब धरायचं असं कायदा म्हणतो. सज्ञान व्यक्ती, मग ती अविवाहित असो, वेगळं कुटुंब. म्हणजे मुलगा नागपूरला कायमचा गेला असता तरी आईचा हक्क त्यानं बुडाला नसता. हे कलम माहीत असतं तर जबाबात ‘आम्ही’ आलंच नसतं.

जुन्या प्रकल्पांना हा हिशोब जसाच्या तसा लावू नये. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ची. अशा ठिकाणी बरीच जमीन 1894 च्या कायद्याखाली गेली आणि पुनर्वसन राज्याच्या प्रकल्पबाधित व्यक्तींच्या पुनर्वसन कायद्याखाली झालं. तिथल्या तारखा आणि रकमा वेगळ्या आहेत. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के समांतर आरक्षणासाठीचा प्रकल्पग्रस्त दाखला हाही निराळा कागद. जबाबाची भाषा मात्र सगळीकडे सारखीच मोडते.

दुरुस्ती कशी केली जाते

मूळ जबाब खोडायचा नाही, फाडायचा नाही, नवा जबाब जुन्या तारखेनं लिहून घ्यायचा नाही. यातलं काहीही केलं की खरा माणूस खोटा ठरतो. आधी जबाबाची नक्कल मागावी. मग पुरवणी जबाब द्यावा, त्यात मूळ वाक्य अवतरणात घ्यावं, ‘हे वाक्य माझ्या सांगण्याशी जुळत नाही’ असं म्हणावं आणि बोलीतलं आपलं वाक्य व त्याचा अर्थ लिहावा. ‘जाऊन रायला’सारख्या रूपाचा खुलासा एका ओळीत करावा, अधिकारी तो मान्य करतात, कारण त्यांच्या कचेरीतला शिपाईही तसंच बोलतो.

सर्वेक्षणाचा आणि पुनर्वसन योजनेचा मसुदा गावात प्रसिद्ध करून त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी लागते. हरकत तिथं लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोललेलं इतिवृत्तात आलं की नाही हे सही करण्याआधी पाहावं.

पुराव्याचं काम मुळात एकच: मधल्या महिन्यांची भोकं भरणं. घरपट्टीची पावती वर्षाला एकदाच फाटते, तिनं वर्ष सिद्ध होतं, महिना होत नाही. मतदार यादीचंही तसंच. महिना सिद्ध करणारे कागद वेगळे असतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावल्याची नोंद तारखेसह असते. रोजगार हमीच्या हजेरीपटात कामाचे दिवस असतात. वीजबिलावर दर महिन्याचं युनिट असतं, आणि बाईंच्या प्रकरणात ते सगळ्यात बोलकं ठरतं: पावसाळ्याचे दोन-तीन महिने जवळपास शून्य, दिवाळीनंतर पुन्हा पहिल्याइतकं. रिकाम्या महिन्यांना लपवू नये. ते ‘पाणी घरात होतं’ याचाच पुरावा आहेत, फक्त त्यांच्यासोबत फुगवट्याच्या पाण्याचा पंचनामा आणि जलसंपदा विभागाकडची त्या काळातली जलाशयाची पातळी जोडावी लागते. पातळीची नोंद माहितीच्या अधिकारात मागता येते.

नमुना 8 वर मेलेल्या नवऱ्याचं नाव असणं ही खेड्यात सर्रास गोष्ट. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नोंद आधी लावून घ्यावी, नाहीतर जबाब सुधारला तरी घर दुसऱ्याचं म्हणून तीच फाइल परत येते.

शेजाऱ्यांचे जबाब घेताना एक चूक फार होते. कोणीतरी एक मजकूर टाइप करतो आणि दहा जणांच्या सह्या घेतो. दहा माणसांच्या तोंडी स्वल्पविरामासकट एकच वाक्य आलं की वाचणारा सगळेच बाजूला ठेवतो. दोनच साक्षीदार असू देत, पण आपापल्या शब्दांत: एकीनं सांगावं की दिवाळीला बाईंनी छपरी सारवली तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ कमरेएवढी होती, दुसऱ्यानं सांगावं की सामान त्याच्या बंडीवर बहिणीकडून परत आणलं.

बाईंचा पुरवणी जबाब असा उभा राहतो:

‘मी विधवा असून माझे स्वतंत्र कुटुंब आहे. मी लग्नापासून या गावात, नमुना 8 मध्ये माझ्या मयत पतीच्या नावे नोंद असलेल्या घरात राहत आले आहे. जलाशयाच्या फुगवट्याचे पाणी घरात शिरल्यामुळे त्या पावसाळ्यात मला बहिणीच्या घरी तात्पुरता आसरा घ्यावा लागला. पाणी ओसरल्यावर त्याच वर्षी दिवाळीस मी घरी परत आले व घराचा ताबा देईपर्यंत तेथेच राहिले. माझा मुलगा सज्ञान असून हंगामी मजुरीसाठी नागपूरला जातो व परत येतो. त्याचा जबाब स्वतंत्र घ्यावा. भूसंपादनामुळे व ताबा देण्याच्या नोटिशीमुळे मला राहत्या घरातून व गावातून उठावे लागले. मूळ जबाबातील “गाव सोडून” हे शब्द माझे नाहीत. मी “आमी उठलो” असे म्हटले होते. हा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.’

यात ‘आम्ही’ नाही. घरातून निघावं लागलं त्या दोन्ही वेळांना ‘-मुळे’ जोडलेलं आहे. ‘राहत आले आहे’ हे रूप सलगपणा दाखवतं, जो ‘राहत होते’मध्ये नाही. परत येण्याचं वाक्य स्वतंत्र आहे, कोणत्याही दुसऱ्या वाक्याच्या पोटात घातलेलं नाही. ‘उठावे लागले’नं बाईंचा शब्दही टिकला आणि सक्तीही आली. सण लिहिला आहे तिथं माहीत असल्यास इंग्रजी महिना व वर्ष कंसात घालावं. नसेल माहीत तर अंदाजानं तारीख टाकू नये, चुकलेली तारीख सणापेक्षा महाग पडते.

पुनर्वसनाच्या हक्कांबद्दलही 2013 च्या कायद्याच्या कलम 64 खाली भूसंपादन-पुनर्वसन प्राधिकरणाकडे प्रकरण पाठवायची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या भूसंपादन निवाड्याच्या वेळी हजर असाल तर निवाड्यापासून 6 आठवडे. हजर नसाल तर कलम 21 ची नोटीस मिळाल्यापासून 6 आठवडे किंवा निवाड्यापासून 6 महिने, यांत जे आधी संपेल ते. पुरवणी जबाब दिला म्हणून ही मुदत थांबत नाही.

जिथं ‘सोडणे’च बरोबर असतं

मेळघाट किंवा ताडोब्यासारख्या व्याघ्र प्रकल्पातल्या गावांत क्रियापदाची दिशा उलटी होते. तिथं कायद्यालाच संमती हवी असते. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(2) म्हणतं की पुनर्वसनाला आणि पॅकेजला ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्वक, लेखी संमती हवी; वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम 38-व्हीही ग्रामसभेची माहितीपूर्वक संमती मागतं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचं पॅकेज आधी कुटुंबामागे 10 लाखांचं होतं, 2021 पासून ते 15 लाख झालं. इथं ‘ग्रामसभा गाव सोडण्यास तयार आहे’ हे वाक्य योग्यच आहे, फक्त ते खरं असलं पाहिजे आणि आधी लिहिलेलं असलं पाहिजे. माणसं हलल्यावर ‘ग्रामसभेने गाव सोडले’ असा ठराव मागून करून घेतला तर ती संमती होत नाही. भूतकाळी क्रियापदच ते उघड करतं.

कोरकूसारख्या दुसऱ्या भाषेच्या गावात ठराव आधी त्यांच्या भाषेत सांगून मग मराठीत लिहावा, आणि कोणी सांगितला त्याचं नाव इतिवृत्तात घालावं. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला लागतात. सह्या-अंगठे मोजून आकडा ठरावातच लिहावा.

नव्या जागेवरच्या सोयी आणि जमीनवाटप पूर्ण झाल्याशिवाय हलवता येत नाही, हेही त्याच कलम 4(2) मध्ये आहे. म्हणून ठरावात नुसतं ‘सोडत आहोत’ असा चालू काळ लिहू नये. ‘पॅकेजात कबूल केलेली जमीन, घर, रस्ता, पाणी व वीज नवीन जागेवर पूर्ण झाल्यावर ग्रामसभा पाहणी करील, आणि त्यानंतरच गाव सोडील’ असं लिहावं. ‘-वर’, ‘त्यानंतरच’ आणि भविष्यकाळ, ही तिन्ही त्या वाक्यात असली पाहिजेत.